दहा मिनिटांत ड्रुइड नक्की करतो काय?

गोष्ट एका शेळीपासून सुरू होते.

महिन्यातून एका रविवारी आम्ही पाच जण माझ्या भाड्याच्या घरात डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतो. इतिहासात पीएचडी करायला मी इंग्लंडला आले, पीएचडी संपली, पोस्टडॉक सुरू झालं, दोन घरं बदलली, पण हा रविवार काही सुटला नाही. पाचही जण मराठी, पण पाच तऱ्हांचे. मी आणि आणखी एक जण शिकायला म्हणून आलेले, आमची डीएम दुबईत वाढलेली, एक जण लग्न होऊन इथे आलेली, आणि सगळ्यात धाकटा इथेच जन्मलेला. त्याला मराठी सगळं समजतं. बोलताना मात्र दर तिसऱ्या शब्दाला अडखळतो, आणि अडखळला की आमच्याकडे बघून हसतो. ड्रुइड तोच खेळतो.

त्या रविवारी आमची टोळी एका ओस पडलेल्या गावात पोहोचली होती. माणसं गायब, विहिरीचं पाणी काळं, आणि जिवंत साक्षीदार एकच: खुंटाला बांधलेली शेळी. तिलाच विचारायला हवं होतं. पण ड्रुइडचे सगळे स्पेल स्लॉट सकाळच्या मारामारीत संपले होते. डीएम म्हणाली, "स्लॉट नको. स्पीक विथ ॲनिमल्स रिच्युअल म्हणून कर. दहा मिनिटं लागतील."

"चालेल," तो म्हणाला. मग थांबला. "पण दहा मिनिटं मी करतो काय?"

"आचमन कर," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसलो. त्यानेही ओंजळ पुढे केली, मग हात मागे घेतला. "नको. मला ते खरं येत नाही. गणपतीत बाबा मोबाइलवर पूजा लावतात आणि त्यातले गुरुजी सांगतील तसं आम्ही करतो. खोटंच वाटतं जरा."

खेळ पुढे गेला, शेळी बोलली, विहिरीत काय होतं ते कळलं. पण त्याचे दोन प्रश्न माझ्या डोक्यात राहिले. ड्रुइड त्या दहा मिनिटांत काय करतो? आणि विधी खोटा कधी होतो? पॉडकास्टवर खेळांच्या इतिहासाबद्दल बोलताना हे वेळेअभावी राहून गेलं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते आहे. तुम्ही हा खेळ कधी खेळला नसलात तरी घाबरू नका, नियम थोडेच लागतील.

आधी नियम

या खेळात एक जण गोष्ट सांगतो, तो डीएम. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात. पात्राचा पेशा म्हणजे क्लास. विझर्ड पुस्तकं वाचून जादू शिकतो, क्लेरिकला ती देवाकडून मिळते, ड्रुइडला निसर्गाकडून. रेंजर हा रानात वावरणारा, माग काढणारा लढवय्या, त्यालाही थोडी रानची जादू येते.

जादू फुकट नसते. प्रत्येकाकडे दिवसाला मोजके स्लॉट असतात, बंदुकीतल्या काडतुसांसारखे. वापरले की संपले, मग रात्रभर विश्रांती घेतल्यावर पुन्हा भरतात. मंत्र एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो, ही मूळ कल्पना जॅक व्हान्स या लेखकाची. त्याच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातून ती खेळात आली आणि हळूहळू तिचे स्लॉट झाले.

आता रिच्युअल. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत काही मंत्रांवर 'रिच्युअल' अशी खूण आहे. असा मंत्र दोन तऱ्हांनी करता येतो. घाई असेल तर स्लॉट खर्च करा, मंत्र लगेच होतो. घाई नसेल तर नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त द्या, स्लॉट वाचतो. त्या वेळात लक्ष मात्र ढळता कामा नये. म्हणजे किंमत दोन्हीकडे आहे, एकीकडे ताकदीची आणि दुसरीकडे वेळेची. लढाईत याचा उपयोग शून्य, कारण समोरचा गॉब्लिन दहा मिनिटं थांबत नाही.

ड्रुइडसाठी आणखी एक अट. विझर्डच्या वहीत मंत्र लिहिलेला असला की पुरे, वही उघडून तो विधी करू शकतो. ड्रुइडला वही नाही. सकाळी जे मंत्र मनात तयार करून ठेवले असतील, त्यातलाच विधी त्याला करता येतो. हे लक्षात ठेवा, पुढे ज्युलियस सीझर भेटणार आहे.

ड्रुइडला रिच्युअल म्हणून करता येतात असे मुख्य मंत्र बघा. स्पीक विथ ॲनिमल्स, म्हणजे प्राण्यांशी बोलणं. ॲनिमल मेसेंजर, म्हणजे खारीसारख्या किंवा पाखरासारख्या छोट्या जिवाकडे पंचवीस शब्दांपर्यंत निरोप देणं. बीस्ट सेन्स, म्हणजे प्राण्याच्या डोळ्यांनी पाहणं, त्याच्या कानांनी ऐकणं. अमुक झाड किंवा प्राणी कुठे आहे ते शोधणं. जादू ओळखणं, विष आणि रोग ओळखणं, अन्नपाणी शुद्ध करणं. पाण्याखाली श्वास घेणं, पाण्यावर चालणं, दगडात शिरून बसणं. आणि पाचव्या पातळीवर कम्यून विथ नेचर, म्हणजे भोवतालच्या तीन मैलांच्या प्रदेशाबद्दल तीन गोष्टी जाणून घेणं: पाणी कुठे आहे, कोण राहतं, कुठे काय बिघडलं आहे.

यात आग नाही, वीज नाही. ड्रुइडला वीज पाडता येते, पण रिच्युअल म्हणून नाही. वेळ देऊन जे मिळतं ते बहुतेक विचारणं, ऐकणं, ओळखणं, आणि दुसऱ्याच्या घरात, म्हणजे पाण्यात किंवा दगडात, पाहुण्यासारखं राहणं. इतर क्लासचे विधीही पुष्कळसे माहितीचेच असतात, पण ड्रुइडच्या यादीत समोर नेहमी कोणीतरी असतं. शेळी असते, पाखरू असतं, अख्खं रान असतं. कम्यून विथ नेचरबद्दल तर नियमच आहे की निसर्ग हटवून जिथे बांधकाम झालं आहे, म्हणजे शहरात किंवा तळघरात, तिथे हा मंत्र चालत नाही. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो चालला नसता.

हा ड्रुइड खेळात आला कुठून

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्यात ड्रुइड नव्हता. पुढच्या वर्षी 'ग्रेहॉक' या पुरवणीत तो आला तो राक्षसांच्या यादीत, म्हणजे वाटेत भेटणारा शत्रू म्हणून. १९७६ च्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुरवणीत तो खेळता येण्याजोगा क्लास झाला. ही कामगिरी डेनिस सस्टारे यांची. पुढे ड्रुइडच्या एका मोठ्या मंत्राला त्यांचं नाव मिळालं, चॅरियट ऑफ सस्टार. गंमत म्हणजे त्याच १९७६ साली सस्टारे यांनी एका सहलेखकाबरोबर आणखी एक खेळ काढला, 'बनीज अँड बरोज'. त्यात खेळणारे सगळे ससे होतात. प्राण्याच्या कानांनी जग ऐकायची हौस तिथूनच दिसते.

१९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये ड्रुइडचं सगळं तपशिलात आलं. दोन नियम फार विचित्र होते. पहिला असा की बाराव्या पातळीवर जगात नऊच ड्रुइड असू शकतात, तेराव्यावर तीन, आणि चौदाव्यावर एकच, तो महाड्रुइड. वर चढायचं तर वरच्याला लढाईत हरवायचं. खेळणाऱ्यांना वाटायचं, हे काय नोकरीच्या बढतीसारखं? पण यामागे सीझर आहे. गॉलच्या युद्धावरच्या आपल्या पुस्तकाच्या सहाव्या भागात तो सांगतो की सगळ्या ड्रुइडांचा प्रमुख एक असतो. तो मेला की सगळ्यांत श्रेष्ठ असेल तो जागा घेतो. बरोबरीचे बरेच असले तर मत घेतात, आणि कधी कधी हत्यारांनी निकाल लावतात. खेळाने त्यातला शेवटचा पर्याय उचलला. खेळायला तोच मजेदार ना!

त्याच भागात सीझर म्हणतो की ड्रुइड व्हायला काही जण वीस वीस वर्षं शिकतात, सगळं पाठ करतात, कारण आपली विद्या लिहून ठेवणं त्यांना योग्य वाटत नाही. आता विझर्डची वही आणि ड्रुइडचं मन यांतला फरक आठवा. २०१४ चा नियम लिहिताना कोणाच्या मनात सीझर होता असा माझा दावा नाही, पण जुळतं छान.

दुसरा विचित्र नियम मिसलटोचा, आणि आपला खरा विषय तोच.

बांडगूळ

मिसलटो म्हणजे आपल्या बांडगुळाचा भाऊबंद. दुसऱ्या झाडाच्या फांदीवर उगवतं, मातीशी त्याचा संबंध येत नाही, आणि हिवाळ्यात यजमान झाड निष्पर्ण झालं तरी हे हिरवंच राहतं. मराठीत 'बांडगूळ' ही शिवी आहे. प्राचीन गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, ते सगळ्यांत पवित्र होतं.

हे आपल्याला कोण सांगतो? प्लिनी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मेला तोच हा रोमन लेखक. त्याच्या निसर्गेतिहासाच्या सोळाव्या खंडात वर्णन आहे. ओकच्या झाडावर मिसलटो क्वचित सापडतं. सापडलं की चंद्राच्या सहाव्या दिवशी, आपल्या भाषेत शुद्ध षष्ठीला म्हणा, ड्रुइड तिथे जमतात. शिंगं पहिल्यांदाच बांधली आहेत असे दोन पांढरे बैल आणतात. पांढऱ्या वस्त्रातला पुजारी झाडावर चढतो आणि सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापतो. खाली बाकीचे ते पांढऱ्या कापडात झेलतात. मग बैलांचा बळी देतात. त्याचं पेय वांझ जनावराला फळवतं आणि सगळ्या विषांवर उतारा आहे, अशी त्यांची श्रद्धा.

ड्रुइडांच्या या विधीचं प्राचीन वर्णन एवढं एकच आहे. आणि लिहिणारा कोण, तर ज्या साम्राज्याने ड्रुइडांना संपवलं त्याचा एक अधिकारी. त्याच ग्रंथाच्या तिसाव्या खंडात प्लिनी सांगतो की टायबेरियसच्या राज्यात ड्रुइडांचा बंदोबस्त झाला, आणि हे बरं झालं असा त्याचा सूर आहे. इसवी सन ६० च्या सुमाराला रोमन सैन्याने वेल्सजवळचं मोना बेट, आजचं अँगलसी, घेतलं आणि तिथल्या देवराया तोडल्या. ही हकिगत टॅसिटसने लिहिली, तोही रोमनच. ड्रुइडांनी स्वतः लिहिलेलं एक अक्षर आपल्याकडे नाही. पाठांतराची परंपरा पाठ करणाऱ्यांबरोबर गेली, आणि मागे उरली ती जिंकणाऱ्यांची टिपणं.

आता १९७८ चा नियम ऐका. मिसलटो हे ड्रुइडचं पवित्र चिन्ह. ते त्याने स्वतः, उन्हाळ्याच्या मध्यावरच्या रात्री, सोन्याच्या किंवा चांदीच्या विळ्याने कापायचं आणि जमिनीला लागायच्या आत वाडग्यात झेलायचं. शुद्ध षष्ठी गेली, बैल गेले, कापडाचा वाडगा झाला, पण विळा राहिला. आणि हे सगळं जमलं नाही तर? तर एक कोष्टक आहे. कमी दर्जाचं मिसलटो, दुसऱ्याकडून उसनं घेतलेलं मिसलटो, हॉलीची पानं, ओकची पानं. प्रत्येक पायरीला मंत्राचा पल्ला, काळ किंवा परिणाम कमी होत जातो. विधी थांबत नाही, फिका होतो.

पुढच्या आवृत्त्यांमध्ये हे कोष्टक गेलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने विधी लढाईच्या मंत्रांपासून पूर्णपणे वेगळे काढले. त्यांचं वेगळं पुस्तक बाळगायचं, साहित्याला पैसे मोजायचे आणि निवांत बसून करायचे. ड्रुइड त्या आवृत्तीत २००९ साली आला, तो विधी करण्याची विद्या घेऊनच. २०१४ ला दहा मिनिटांचा नियम आला. पण रेंजर त्यातून सुटला: त्याच्या यादीत प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र होता, पण विधी म्हणून तो करायची त्याला मुभा नव्हती. जन्म रानात गेला तरी शेळीशी बोलायला त्याला स्लॉटच मोजावा लागे. २०२४ च्या आवृत्तीत ही अडचण संपली. ज्याच्याकडे रिच्युअलची खूण असलेला मंत्र तयार आहे, तो कोणीही वेळ देऊन विधी करू शकतो.

लंडनमधला गवंडी

प्लिनी आणि गायगॅक्स यांच्यामध्ये एकोणीसशे वर्षं आहेत, आणि त्या मधल्या काळात ड्रुइडांचं पुष्कळ काही रचलं गेलं. १७४० साली विल्यम स्टुकली याने स्टोनहेंज हे ड्रुइडांचं मंदिर असल्याचं पुस्तक लिहिलं. स्टोनहेंज उभं राहिलं ते ड्रुइडांची पहिली नोंद मिळते त्याच्या दोन हजार वर्षं आधी, पण चित्र लोकांच्या मनात बसलं ते बसलंच.

मला मात्र स्टुकलीपेक्षा एडवर्ड विल्यम्स जास्त आवडतो. जन्म १७४७, दक्षिण वेल्समधल्या ग्लामॉर्गनचा, धंद्याने गवंडी. नाव घेतलं योलो मॉर्गानुग. कामाच्या शोधात लंडनला यायचा, तिथल्या वेल्श मंडळींत बसायचा, आणि त्याला एकच दुःख होतं: आपली भाषा, आपली कविता मागे पडते आहे आणि इंग्रजांना तिची किंमत नाही. मग त्याने सांगायला सुरुवात केली की ड्रुइडांची परंपरा ग्लामॉर्गनच्या कवींमध्ये अखंड चालत आली आहे आणि ती आता आपल्याकडे आहे. २१ जून १७९२ रोजी, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, लंडनच्या प्रिमरोज हिलवर त्याने काही मित्रांना जमवून ड्रुइड कवींची सभा भरवली. नाव गोर्सेथ. दगडांचं वर्तुळ, तलवार, प्रार्थना, सगळं होतं. आणि ते सगळं त्यानेच रचलेलं होतं.

लंडनला असाल तर प्रिमरोज हिलवर जाऊन या, योलोच्या नावाची पाटी तिथे आहे. उभं राहून एवढंच आठवा की वेल्सचा हा विधी वेल्समध्ये सुरू झाला नाही. घरापासून लांब राहणाऱ्या एका माणसाने परक्या शहरातल्या टेकडीवर तो सुरू केला.

१८१९ साली कार्मार्थन इथे गोर्सेथ आयस्टेडफॉड या कवितेच्या आणि संगीताच्या उत्सवाला जोडलं गेलं. योलो १८२६ साली वारला. विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या वेल्श अभ्यासकाने त्याची कागदपत्रं तपासली आणि जुनी म्हणून दिलेलं बरंच साहित्य त्याचं स्वतःचं आहे हे दाखवून दिलं. मग वेल्श लोकांनी काय केलं? अभ्यासकांनी खोटेपणा स्पष्ट शब्दांत लिहून ठेवला, आणि विधी चालू राहिला. आजही दर ऑगस्टमध्ये पांढऱ्या, निळ्या आणि हिरव्या झग्यांतली मंडळी आयस्टेडफॉडला जमतात आणि वेल्श भाषेत लिहिणाऱ्या कवीचा गौरव करतात. उत्सव दर वर्षी नव्या गावी असतो, म्हणून दगडांचं वर्तुळ आता फायबरग्लासचं केलं आहे, उचलून नेता येतं. आणि वेल्श भाषा जिवंत आहे.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे खोटी कागदपत्रं बनवणाऱ्याची भलावण करणं मला शोभत नाही. योलोने 'हे प्राचीन आहे' असं म्हटलं, ते खोटं होतं. पण 'हे आपण आपल्या भाषेसाठी एकत्र येऊन करतो' हा भाग त्याच्या मागे दोनशे वर्षं लोकांनी खरा करून दाखवला. एकाच विधीत खोटं आणि खरं असं शेजारी शेजारी राहू शकतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१४ च्या आवृत्तीत बार्बेरियनचा एक उपप्रकार होता, टोटेम वॉरियर. त्याला प्राण्यांशी बोलणं आणि त्यांच्या डोळ्यांनी पाहणं हे मंत्र केवळ विधी म्हणून करता येत. 'टोटेम' हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतला, कुळ आणि नातं या अर्थाचा. जॉन लाँग नावाच्या व्यापाऱ्याच्या १७९१ च्या पुस्तकातून तो इंग्रजीत आला आणि पुढे कुठल्याही 'आदिवासी' प्राणीपूजेला चिकटला. २०२४ च्या आवृत्तीत या उपप्रकाराचं नाव बदलून वाइल्ड हार्ट झालं. विधी तेच राहिले.

योलोने स्वतःच्या लोकांसाठी विधी रचला, आणि तो ठेवायचा की टाकायचा हे त्या लोकांनी ठरवलं. टोटेम हा शब्द मात्र ज्यांचा होता त्यांना न विचारता फिरत राहिला, आणि ते लोक तर आजही आहेत, स्वतःची भाषा बोलतात. म्हणून मला वाटतं, 'हा विधी किती जुना?' यापेक्षा 'हा कोणासाठी चालला आहे, आणि याच्याबद्दल आपण खरं सांगतो का?' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

दूर्वा आणि अक्षता

यातलं बरंचसं मी आमच्या धाकट्या ड्रुइडला सांगितलं. मिसलटोचं कोष्टक त्याला फार आवडलं. थोडा वेळ ते बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी लेसर मिसलटो. माझं मराठी, आमचा गणपती, सगळंच. उसनं घेतलेलं, पल्ला कमी."

तो हसत म्हणाला, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तुमच्यापैकी कितीतरी जणांना असं वाटत असणार हे मला माहीत आहे, कारण मलाही वाटतं, आणि मी तर पंचविशीपर्यंत तिथेच राहिले.

मी त्याला दूर्वांची गोष्ट सांगितली. इथल्या पहिल्या गणपतीला मी दूर्वा म्हणून घरामागच्या लॉनचं गवत खुडलं होतं. ते रायग्रास होतं, दूर्वांशी त्याचं फारसं नातं नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "हिरवं आहे ना? वाहा." आता गंमत बघा. टेक्सासमध्ये किंवा दुबईत लॉनवर जे बर्म्युडा ग्रास लावतात, तेच मुळात दूर्वा आहे. वनस्पतीशास्त्रात दोन्हीचं नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे तिथे राहणारा मराठी माणूस इंडियन स्टोअरमध्ये दूर्वांची चौकशी करत असतो आणि अस्सल दूर्वा त्याच्या पायाखाली असतात.

आणि पूजेतल्या अक्षता आठवा. वस्त्र नाही? अक्षता वाहा. अलंकार नाहीत? अक्षता. अमुक फूल मिळालं नाही? अक्षताच. जे नसेल त्याच्या जागी चार तांदूळ ठेवून पुढे जायची सोय आपल्या विधीने स्वतःच करून ठेवली आहे. १९७८ च्या कोष्टकासारखे गुण कापलेले मी तरी कुठे पाहिले नाहीत. ही सोय परदेशातल्या लोकांसाठी म्हणून केलेली नाही. प्रत्येक घरात, प्रत्येक गावात काही ना काही कमी असतंच, एवढंच ती गृहीत धरते.

उसनं मिसलटो म्हणाल तर आमच्या टेबलावर उसनं काय नव्हतं? खेळ अमेरिकेतला, ड्रुइड गॉलचा, त्याची माहिती रोमनांची, त्याचा झगा लंडनच्या गवंड्याचा. आणि मिसलटो स्वतः? मातीत मूळ नसलेलं, परक्या झाडावर हिरवं राहणारं झुडूप. ड्रुइडांनी विळा चालवला तो नेमका त्याच्यावर.

पुढच्या महिन्यात खेळ पुन्हा बसला. यावेळी साक्षीदार कुत्रा होता, भेदरलेला, गाडीखाली लपलेला. स्लॉट होते, पण त्याने वापरले नाहीत. "रिच्युअल," तो म्हणाला. डीएमने विचारलं, "दहा मिनिटं काय करतोस?"

तो खुर्चीतून उठून खाली उकिडवा बसला. "माझा ड्रुइड जमिनीवर बसतो. भाकरीचे तुकडे करतो. एक तुकडा लांब टाकतो, एक जवळ. कुत्र्याकडे बघत नाही." मग त्याने हात पुढे केला आणि हलक्या आवाजात हाक मारली, "यू यू यू यू." साताऱ्याला त्याची आजी दारातल्या कुत्र्याला अशीच बोलावते, सुट्टीत गेल्यावर त्याने ऐकलेलं. मग तो त्या कुत्र्याशी मराठीत बोलत राहिला. ये रे, घाबरू नको, कोणी मारत नाही, ये. बराच वेळ. कोणी हसलं नाही, आणि तो एकदाही अडखळला नाही.

"झाली दहा मिनिटं," डीएम म्हणाली. "कुत्रा बाहेर येतो."

तुमच्या टेबलावर कोणी ड्रुइड किंवा रेंजर असेल, तर पुढच्या वेळी रिच्युअल आला की घाईने पुढे जाऊ नका. त्या दहा मिनिटांत तो काय करतो ते विचारा, आणि काय उत्तर आलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्यातली काही वाचून दाखवू.